पोथीकडून अक्षराकडे : डॉ. ब्यूलर यांच्या हस्तलिखित-संग्रहाची कथा

कासुर्डी, यवत, उरुळी कांचन या पट्ट्यातील कुटुंबांचे पुण्याशी असलेले नाते फार जुने आहे. मालाच्या विक्रीसाठी, दुखण्याखुपण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी सोलापूर रस्त्याने पश्चिमेकडे जाणे येथील घरांना नवे नाही. मात्र पुण्यास गेलेला माणूस लॉ कॉलेज रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारात सहसा वळत नाही. तेथील कपाटांतून आगम, चरित्रे, कथा, पट्टावल्या आणि स्तोत्रे यांच्या जैन पोथ्या शेकड्यांनी नव्हे, तर हजारांनी जपून ठेवलेल्या आहेत. ही गोष्ट अभ्यासकांना परिचित असली, तरी आपल्या समाजातील फार थोड्या घरांतून ती बोलली जाते. या पोथ्या पुण्यात कशा आल्या, कोणी आणल्या आणि आणणाऱ्याच्या मनात काय होते, हा इतिहास म्हणूनच सांगण्याजोगा आहे.

भांडारकर संस्थेतील मूळ सरकारी संग्रह १७,८७७ हस्तलिखितांचा. मुंबई सरकारने १८६६ साली हे काम हाती घेतले. पोथ्या प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात ठेवण्यात आल्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, संस्थेची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी हा संपूर्ण ठेवा संस्थेच्या स्वाधीन केला. या पोथ्यांच्या क्रमांकांची एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक पोथीच्या अनुक्रमांकापुढे ती ज्या वर्षी संग्रहात आली ते वर्ष लिहिलेले असते. त्यामुळे सूची चाळताना ग्रंथांच्या नावांबरोबरच संग्राहकाच्या आवडीनिवडीचाही आलेख नकळत वाचला जातो. एका वर्षी धर्मशास्त्राचे ग्रंथ पुढे, दुसऱ्या वर्षी आगमांच्या टीका, तिसऱ्या वर्षी काश्मीरच्या भूर्जपत्रांवरील पोथ्या.

या आलेखाच्या पहिल्या भागावर ज्याच्या हाताचा ठसा सर्वांत ठळक उमटला आहे, तो विद्वान म्हणजे योहान गेओर्ग ब्यूलर. जुन्या मराठी लेखनात त्यांचा उल्लेख 'डॉ. बुल्हर' असा येतो. त्यांचा जन्म १९ जुलै १८३७ रोजी जर्मनीतील हानोव्हर राज्यात बोर्स्टेल या गावी झाला. डॉ. भांडारकर मालवणला जन्मले ते त्याच वर्षी त्याच महिन्यात, अवघे तेरा दिवस आधी. एकाच कामात पुढे सहकारी झालेल्या या दोघांच्या जन्मतिथी इतक्या जवळ असाव्यात, हा केवळ योगायोग, पण सुखद योगायोग होय. गटिंगन येथे बेन्फाय यांच्या हाताखाली संस्कृतचे अध्ययन करून, पॅरिस, लंडन आणि ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांतून काम करून ब्यूलर १८६३ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून मुंबईस आले. त्या वेळी त्यांचे वय होते पंचवीस.

तरुण संग्राहकाची भूक नेहमीच मोठी असते. जे हाती येईल ते घ्यावे, नंतर वाचावे, नंतर निवडावे, असा त्याचा क्रम असतो. त्या काळच्या मुंबईत याचे उत्तम उदाहरण समोरच होते. डॉ. भाऊ दाजी लाड व्यवसायाने वैद्य, परंतु नाणी, शिलालेख, पोथ्या, अजिंठ्याचे लेख, कुष्ठरोगावरील वनस्पती अशा किती तरी विषयांत ते एकाच उत्साहाने वावरत. आचार्य मेरुतुंग यांच्या 'थेरावली'वर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत लेख सादर केला आणि वीरनिर्वाणापासूनच्या राजवंशांच्या कालगणनेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. जैन साधनांचा इतिहासासाठी उपयोग करणाऱ्या पहिल्या मराठी माणसांत त्यांची गणना करावी लागेल. १८७४ साली त्यांचा देहान्त झाला, तोवर त्यांच्या जिज्ञासेला काठ असे पडलेच नाहीत. ब्यूलर यांचे तसे झाले नाही. त्यांच्या जिज्ञासेला काठ पडत गेले आणि प्रवाह खोल होत गेला.

त्यांची पहिली ओढ धर्मशास्त्राकडे होती, आणि तिला व्यावहारिक कारण होते. १८६४ पर्यंत न्यायालयांतून हिंदू कायद्याचा निर्णय देण्यासाठी शास्त्री नेमलेले असत. ते पद त्या वर्षी रद्द झाले. मग न्यायाधीशांनी आधार कशाचा घ्यावा? शास्त्र्यांनी पूर्वी दिलेली उत्तरे एकत्र करून, त्यांना मूळ ग्रंथांची जोड देऊन रेमंड वेस्ट आणि ब्यूलर यांनी वारसा, वाटणी आणि दत्तक या विषयांवरील निर्णयसंग्रह सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १८६७ साली आणि दुसरा १८६९ साली प्रसिद्ध झाला. या कामासाठी स्मृती आणि निबंधग्रंथ यांच्या पोथ्या हव्या होत्या. १८६६ साली दक्षिण महाराष्ट्र आणि कानडी मुलूख येथे त्यांनी जो दौरा केला, त्यात पोथ्यांच्या शोधाची पद्धतही घडत गेली. प्रत्येक गावी प्रथम विद्वान घराण्यांची चौकशी, मग त्यांच्या ग्रंथांची यादी, मग विकत मिळत असल्यास खरेदी आणि न मिळत असल्यास लेखनिकाकडून नक्कल. हे काम ज्या शास्त्र्यांनी आणि लेखनिकांनी प्रत्यक्ष केले, त्यांची नावे अहवालांत फारशी येत नाहीत. वास्तविक त्यांच्यावाचून यातील एकही पोथी हलली नसती.

या पहिल्या काळात जैन वाङ्मय ब्यूलर यांच्या दृष्टीसमोर फारसे नव्हते. ते समोर आले ते बदलीमुळे. १८६०च्या दशकाच्या अखेरीस शिक्षण खात्याचे निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक गुजरातकडे झाली आणि शाळा तपासत गावोगाव हिंडणाऱ्या या अधिकाऱ्याला पाटण, खंभात, अहमदाबाद येथील ज्ञानभांडारांचा सुगावा लागला. संग्राहकाची आवड त्याच्या अंतःकरणातून उगवते असे आपण मानतो. पुष्कळदा ती नोकरीच्या हुकुमातून उगवते, हेही येथे नमूद करावयास हवे. गुजरात, काठेवाड, कच्छ, सिंध आणि खानदेश येथील खाजगी संग्रहांची सूची त्यांनी १८७१ ते १८७३ या काळात चार भागांत प्रसिद्ध केली. आपल्या खानदेशाचे नाव त्या सूचीच्या शीर्षकावर आहे.

ज्ञानभांडार म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या दिवशी, पोथ्यांचे पूजन करण्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला ग्रंथाच्या पावित्र्याची ओळख बाहेरून करून द्यावी लागत नाही. परंतु ब्यूलर यांना जी गोष्ट थक्क करून गेली असावी ती वेगळी. या पोथ्या नुसत्या जपलेल्या नव्हत्या, त्या जपण्यासाठीच घडवलेल्या होत्या. ताडपत्रांना दोरा ओवण्यासाठी छिद्र असे. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज संपली, तरी कागदी पोथीच्या मध्यभागी ती जागा मोकळी सोडून तेथे तांबडा ठिपका किंवा चौकट काढण्याची रीत शतकानुशतके चालू राहिली. अक्षरे ठळक, काळीभोर, एका उंचीची. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून वर नवे अक्षर लिहिलेले. आपण मराठीत 'केल्या कामावर हरताळ फासला' असे म्हणतो, तो शब्दप्रयोग या लेखनिकांच्या पिवळ्या रंगाच्या वाटीतून आलेला आहे, हे आज कितीजणांच्या ध्यानी असेल?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोथीच्या शेवटची पुष्पिका. कोणत्या संवतात, कोणत्या नगरात, कोणत्या राजाच्या राज्यात, कोणत्या गच्छाच्या आचार्यांच्या उपदेशाने, कोणत्या श्रावकाने किंवा श्राविकेने, कोणाच्या श्रेयार्थ ही पोथी लिहवून घेतली, हे तेथे नोंदलेले असते. मोठ्या पोथ्यांना तर संपूर्ण कुळाची प्रशस्ती जोडलेली असते. इतर संस्कृत पोथ्यांवर तिथी आढळतेच असे नाही. जैन पोथ्यांवर ती आढळण्याचा संभव कितीतरी अधिक. ज्याला कालनिर्णय करावयाचा आहे, त्याला याहून मोठी देणगी कोणती?

१८७३-७४च्या हिवाळ्यात ब्यूलर जैसलमेरला गेले. बरोबर तेवीस वर्षांचे हेरमान याकोबी होते. पुढे 'कल्पसूत्रा'चे संपादक आणि आगमांचे भाषांतरकार म्हणून कीर्ती पावलेले आणि १९१३-१४ सालच्या दुसऱ्या भारतभेटीत समाजाकडून 'जैनदर्शनदिवाकर' ही पदवी स्वीकारणारे तेच हे याकोबी. किल्ल्यातील भांडार पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींच्या प्रेरणेने सिद्ध झालेले. ते पंचांच्या ताब्यात होते आणि परक्या माणसाला पाहताक्षणी उघडले जावे असे काही तेथे नव्हते. आक्रमणांच्या काळात भुयारात लपवून जे वाचविले, ते एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दावर बाहेर काढावे, ही अपेक्षा धरणेच कठीण. भांडार अखेर पाहावयास मिळाले. त्यातून त्यांच्या हाती बिल्हण कवीच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची ताडपत्रावरील प्रत लागली. कल्याणीच्या चालुक्य राजाचे चरित्र काश्मिरी कवीने लिहावे आणि ते मारवाडच्या वाळवंटात जैन आचार्यांनी जतन करावे, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. पोथी विकत घेणे शक्यच नव्हते. ब्यूलर आणि याकोबी यांनी मिळून सात दिवसांत तिची संपूर्ण नक्कल उतरवून घेतली आणि १८७५ साली ते काव्य मुंबई संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. वाक्पतिराजाच्या 'गउडवहो' या प्राकृत काव्याची प्रतही त्याच भांडारातली. ते पुढे १८८७ साली शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादून प्रसिद्ध केले.

जैसलमेरचे ते सात दिवस ब्यूलर यांच्या आयुष्यात निर्णायक मानावे लागतात. त्यानंतर त्यांना 'ग्रंथ' हवा असे न राहता 'इतिहास सांगणारा ग्रंथ' हवा असे झाले. चरित्रे, प्रबंध, पट्टावल्या, कोश यांकडे त्यांची दृष्टी वळली. धनपाल कवीने आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी विक्रम संवत १०२९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९७२च्या सुमारास, रचलेला 'पाइयलच्छीनाममाला' हा प्राकृत कोश त्यांनी १८७९ साली प्रसिद्ध केला. बहिणीला शब्द शिकता यावेत म्हणून भावाने कोश लिहिला आणि त्या कोशाने हजार वर्षांनी जर्मन पंडितांना प्राकृत शिकविली. हा मार्ग अर्थात सरळ रेषेचा नव्हता. मध्येच १८७५ साली काश्मीरचा दौरा झाला. त्याचा १८७७ साली छापलेला अहवाल अशा अहवालांचा आदर्श मानला जातो, आणि त्या दौऱ्यात मिळालेली ऋग्वेदाची शारदा लिपीतील भूर्जपत्रावरची पोथी पुण्याच्या ज्या ३० ऋग्वेद-हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचितात नोंद झाली, त्यांपैकी एक आहे.

आता त्या गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे, जिच्याविषयी आजही मनात खंत राहते. १८७३ ते १८७८ या वर्षांत सरकारच्या परवानगीने ब्यूलर यांनी सुमारे ५०० जैन हस्तलिखिते बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयासाठी विकत घेऊन पाठविली. सरकारी संग्रहात ज्यांच्या प्रती होत्या, ते ग्रंथ बर्लिनला जाण्यास हरकत नसावी, असा विचार त्यामागे होता. या व्यवहाराला चोरी म्हणता येणार नाही. पैसे मोजले गेले, परवानगी घेतली गेली, नोंद राहिली. त्या काळी यतींच्या गाद्या क्षीण होत चालल्या होत्या आणि पोथ्या रद्दीच्या मोलाने जाण्याचे भयही खरे होते. शिवाय त्या पोथ्यांचा जो उपयोग झाला, तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बर्लिनला आल्ब्रेख्ट वेबर यांनी त्यांवर वर्षानुवर्षे काम करून १८८३ ते १८८५ या काळात आगम ग्रंथांचे विस्तृत विवेचन प्रसिद्ध केले. पश्चिमेकडील विद्वत्तेत संपूर्ण सिद्धान्ताचा असा परिचय प्रथमच होत होता. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असे विल्सन, लास्सेन यांच्यासारखे पंडित लिहीत होते, आणि स्वतः वेबरही आधी त्याच मताचे होते. याकोबी यांनी १८७९ सालच्या 'कल्पसूत्रा'च्या प्रस्तावनेत ते मत खोडून काढले. मूळ ग्रंथ हाती नसते, तर हे खंडन इतक्या लवकर होणे शक्य नव्हते.

तरीही 'दुबार प्रत' या शब्दाशी मन अडखळते. ज्याची नजर ग्रंथाच्या संहितेवर आहे, त्याला 'कल्पसूत्रा'ची चौथी प्रत ही दुबारच वाटणार. परंतु ज्या श्राविकेने आपल्या दिवंगत मातेच्या श्रेयार्थ ती लिहवून घेतली, तिच्या घराला ती एकच प्रत होती. संहिता तीच असेल, पण पुष्पिका दुसऱ्या कोणत्याही पोथीत नसते. संग्राहकाची आवड जसजशी एका बाजूने निमुळती होते, तसतशी दुसरी एखादी बाजू त्याला दिसेनाशी होते. त्या काळातील सर्वच संग्राहकांचे असे झाले. संस्कृत आणि प्राकृत ग्रंथांवर दृष्टी खिळल्यामुळे जुन्या गुजराती-मारवाडीतील रास, सज्झाय, स्तवने यांना आरंभीच्या खरेदीत गौण स्थान मिळाले. भट्टारकांच्या परंपरेतील जुने मराठी जैन साहित्य तर या शोधाच्या बाहेरच राहिले म्हटले तरी चालेल.

प्रकृती साथ देईना म्हणून १८८० साली ब्यूलर यांनी भारत सोडला आणि पुढील वर्षी ते व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले. पोथ्या शोधण्याचे दिवस संपले. ज्याने सतरा वर्षे संग्रह केला, त्याच्याजवळ आता फक्त वाचणे उरले होते. १८८८ साली तर त्यांनी स्वतःची तीनशेंहून अधिक हस्तलिखिते लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयास देऊन टाकली. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत श्रावकाला सांगितलेले आहे. ब्यूलर काही व्रतधारी नव्हते, पण हे वाचताना त्या व्रताची आठवण होणे स्वाभाविक आहे.

व्हिएन्नातील त्यांचे लेखन पाहिले, तर विषय कसे आवळत गेले ते स्पष्ट दिसते. १८८६ साली मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध झाले, ते तरुणपणीच्या धर्मशास्त्राच्या व्यासंगाचे जणू शेवटचे देणे. १८८७ साली जैन संप्रदायावरील व्याख्यान. १८८९ साली कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे चरित्र, जे 'प्रभावकचरित', 'प्रबंधचिंतामणी' इत्यादी ग्रंथांची परस्परांशी तुलना करून, दंतकथा आणि घटना वेगळ्या काढून लिहिले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली मुनी जिनविजयजींच्या सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यातील काही निष्कर्ष आज जुने झाले आहेत आणि आचार्यांविषयीचा त्यांचा सूर काही ठिकाणी भक्तांना रुचणारा नाही. मात्र एका जैन आचार्यांचे आधुनिक ऐतिहासिक पद्धतीने लिहिलेले हे पहिले चरित्र, हा त्याचा मान कायम आहे.

दरम्यान मथुरेच्या कंकाली टेकडीवर १८८८ ते १८९१ या काळात उत्खनन झाले. स्तूपाचे अवशेष, आयागपट, तीर्थंकरांच्या मूर्ती आणि त्यांच्या बैठकीवरील कोरीव लेख बाहेर आले. लेखांचे कागदी ठसे व्हिएन्नास पाठविण्यात आले आणि ब्यूलर ते वाचू लागले. कुशाणकाळातील हे लेख आकाराने लहान, दोन-चार ओळींचे. अमुक वर्षी, अमुक ऋतूत, अमुक दिवशी, अमक्याची पत्नी, अमक्याची कन्या, अमुक आर्येच्या उपदेशावरून ही प्रतिमा अर्पण करीत आहे, असा त्यांचा आशय. त्यांत गुरुपरंपरेची नावे येतात : कोट्टिय गण, वैरी शाखा, उच्चनागरी शाखा. ही नावे 'कल्पसूत्रा'तील स्थविरावलीत आहेत. पर्युषणात ज्या स्थविरावलीचे वाचन परंपरेने होत आले, ती नंतर कोणी रचलेली कल्पना नसून तिचे गण, कुले आणि शाखा दगडावर तशाच कोरलेल्या आहेत, हे ब्यूलर यांनी दाखवून दिले. जैन परंपरेच्या प्राचीनतेचा प्रश्न या पुराव्याने निकालात निघाला. उत्खनन करणाऱ्या फ्यूरर यांच्या पुढील कामातील लबाडी १८९८ साली उघडकीस आली. परंतु त्या शिळा आणि मूर्ती कोणाच्या शब्दावर अवलंबून नाहीत. त्यांतील पुष्कळशा लखनौच्या संग्रहालयात आजही आहेत आणि नंतरच्या विद्वानांनी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत.

येथे एक विचार सहजच मनात येतो. बर्लिनला पोथ्या पाठविताना ज्या नावांकडे पाहण्याचे कारण पडले नव्हते, ती दात्यांची, श्राविकांची, आर्यांची नावेच पंधरा वर्षांनी त्यांच्या सर्वांत मोलाच्या शोधाचा आधार झाली. ग्रंथ बाजूला राहिला आणि ग्रंथाखालची ओळ पुढे आली. ब्यूलर यांच्या दृष्टीचे हे परिवर्तन त्यांनी स्वतः कोठे शब्दांत मांडलेले नाही, मात्र त्यांच्या लेखांची तारीखवार यादी ते पुरेसे बोलते.

शेवटी ती ओळही मागे पडली आणि अक्षर उरले. १८९६ साली त्यांचा भारतीय लिपिशास्त्रावरील ग्रंथ आला. अशोकाच्या लेखांपासून पुढील सुमारे सोळा शतकांतील अक्षरवळणे त्यात कोष्टकांतून मांडली आहेत. 'क'चा दंड केव्हा वाकला, 'म'चे खालचे टोक केव्हा मिटले, मात्रा अक्षराच्या मागे केव्हा आली आणि वर केव्हा गेली, अशा प्रश्नांत हा माणूस रमला होता. जैन पोथ्यांतील पडिमात्रा ज्यांनी पाहिली असेल, म्हणजे 'के' लिहिताना मात्रा 'क'च्या डाव्या बाजूस उभी काढलेली पाहिली असेल, त्यांना या अभ्यासाची गोडी समजेल. पंचविसाव्या वर्षी अवघे संस्कृत वाङ्मय कवेत घ्यावयास निघालेला संग्राहक एकोणसाठाव्या वर्षी एका अक्षराच्या वळणाशी थांबला होता. ८ एप्रिल १८९८ रोजी कॉन्स्टन्स सरोवरात एकटेच नाव वल्हवीत असता ते बुडाले. वय साठ वर्षांचे होते.

त्यांचे सहकारीही कमीअधिक प्रमाणात याच वाटेने गेले. डेक्कन महाविद्यालयातील कीलहॉर्न यांनी पुण्याच्या शास्त्र्यांजवळ व्याकरण वाचून पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती सिद्ध केली आणि मायदेशी परतल्यावर ते शिलालेखांच्या तिथींचे गणित करण्यात गढून गेले. पीटरसन यांनी खंभातच्या शांतिनाथ भांडारातील ताडपत्रांचे वर्णन केले आणि अखेरीस सिद्धर्षींच्या 'उपमितिभवप्रपंचाकथा' या एकाच ग्रंथाचे संपादन हाती घेतले. ते त्यांच्या १८९९ सालच्या मृत्यूनंतर याकोबी यांनी पूर्ण केले. डॉ. भांडारकर मात्र निराळे. पाटणच्या भांडारांची पाहणी करून त्यांनी १८८३-८४च्या अहवालात जैन वाङ्मयाची सविस्तर दखल घेतली आणि त्याच सुमारास दक्षिणेचा प्राचीन इतिहासही लिहिला. पोथी आणि इतिहास यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यांनी आपल्यावर येऊ दिली नाही.

या साऱ्यांच्या तुलनेत आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी यांची (१८९५-१९७१) आठवण येते. जैसलमेरच्या ज्या भांडारात ब्यूलर पाहुणे म्हणून काही दिवस बसले, तेथे पुण्यविजयजींनी १९५०-५१ मध्ये वर्षाहून अधिक काळ राहून विस्कळीत झालेली ताडपत्रे जुळवली, त्यांना नवी वेष्टने केली आणि नवी सूची तयार केली. पाटण, खंभात येथेही त्यांनी हेच केले. त्यांच्यामार्फत जमलेली सुमारे दहा हजार हस्तलिखिते अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराच्या स्थापनेस पायाभूत ठरली. साधू असल्यामुळे त्यांना स्वतःचे असे काही ठेवावयाचेच नव्हते. त्यामुळे कोणती प्रत दुबार, हा प्रश्नही त्यांना पडला नाही. त्रुटित पानाचा तुकडासुद्धा ते नोंदवून ठेवीत.

पुण्याच्या संग्रहातील जैन पोथ्यांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी केले. तिचा पहिला भाग १९३५ साली प्रसिद्ध झाला. १९४४ साली प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा 'जिनरत्नकोश' भांडारकर संस्थेनेच काढला. ज्ञात असलेल्या समस्त जैन ग्रंथांची आणि ग्रंथकारांची ती अकारादी सूची असून आजही तिच्यावाचून अभ्यासकाचे चालत नाही. कापडिया यांच्या सूचीत ग्रंथाचा आरंभ, शेवट, पत्रांची संख्या, ओळींची संख्या यांबरोबर पुष्पिकेचा मजकूरही जागोजाग उतरून दिला आहे. कोणा गावच्या कोणा श्राविकेचे, तिच्या पतीचे, सासऱ्याचे, मातेचे नाव त्यात येते, आणि त्याच नोंदीवर पोथीचा क्रमांक व त्यापुढे वर्ष असते : १८७१-७२, १८७२-७३, १८७३-७४.